नेरुळला विकायला असलेली सोनेरी लायका खरी असेल का?

तुम्ही लिहिलंय की नेरुळच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे सोनेरी लायका (जुना जर्मन कॅमेरा) आहे, अंगाला लाकडाचं आवरण, वर गरुड आणि 'बर्लिन १९३६' कोरलेलं, आणि ते ऐंशी हजार मागतायत. तुम्ही टाकलेले फोटो नीट पाहिले. पैसे देऊ नका. माझ्या मते ही लायका नाहीच. लायकाच्या रशियन नकलेवर नंतर चढवलेला साज आहे. पण केवळ माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः खात्री करून घ्या. ते अवघड नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, जुन्या कॅमेऱ्यांचा नाद कॉलेजपासूनचा. ओळखीपाळखीतून असे सोनेरी कॅमेरे अधूनमधून माझ्याकडे दाखवायला येतात आणि बहुतेकांची कुळकथा एकच असते. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीने १९३२ साली लायका २ काढली. अंतर मोजणारा रेंजफाइंडर अंगातच बसवलेली ही पहिली लायका. १९३४ पासून तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या खारकीवमधल्या अनाथ मुलांच्या एका वसाहतीत तिची हुबेहूब नक्कल बनू लागली, ती 'फेड'. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला 'झोर्की' सुरू झाली. हे कॅमेरे लाखोंनी बनले. पुढे कोणीतरी वरच्या पत्र्यावरचं मूळ नाव घासून काढायचं, तिथे 'लायका' कोरायचं आणि सोनेरी मुलामा द्यायचा, असा धंदाच सुरू झाला.

आता खात्री कशी करायची ते सांगतो. कॅमेरा दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसून बघा. वाशी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या व्यवहार नको. लेन्स बुडापाशी धरून डावीकडे फिरवा, आटे सुटून ती हातात येईल. लेन्स आत ढकलता येते म्हणून तिच्या नळीला धरून पिळू नका. मग समोरच्या गोल तोंडातून आत, वरच्या बाजूला बघा. रेंजफाइंडरचा एक छोटा दांडा दिसेल. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला मटाराच्या दाण्याएवढं गोल चाक असतं, बोट लावलं तर फिरतं. फेड आणि झोर्कीत चाक नसतं, दांड्याचं टोकच पाचरीसारखं निमुळतं असतं. बाहेरची अक्षरं कोणीही कोरून देईल, पण आतला हा दांडा बदलायच्या भानगडीत हे लोक सहसा पडत नाहीत. म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर.

काढलेली लेन्सही समोरून बघा. तिच्यावर 'एल्मार' हे लायकाच्या लेन्सचं नाव लिहिलेलं असेल. खऱ्या ५० मिलिमीटर एल्मारमध्ये छिद्र लहानमोठं करणारी पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. नकलांवर येणाऱ्या रशियन 'इंडुस्टार' लेन्समध्ये ती आणखी एक भिंग सोडून, खोलवर दिसतात. कॅमेऱ्याच्या तळाच्या किल्लीपाशी लायकावर 'आउफ' आणि 'त्सू' असे जर्मन शब्द कोरलेले असतात. तिथे रशियन अक्षरं निघाली तर पुढे काही बघायलाच नको. नंबर मात्र शेवटी तपासा. लायकाच्या नंबरांच्या याद्या छापलेल्या आहेत, नंबर त्या मॉडेलचा आहे का हे कळतं. पण जुळला म्हणून भुलू नका, नकली करणाऱ्यांकडेही त्याच याद्या असतात.

सोन्याचा मुलामा दिलेल्या खऱ्या लायका होत्या, १९२९ च्या सुमारापासूनच्या 'लक्सस'. पण त्या अगदी मोजक्या बनल्या आणि त्यांचं आवरण सरड्याच्या कातड्याचं असे, लाकडाचं नव्हे. अशी एखादी नेरुळला कपाटात निघणं अशक्य नाही, पण तुमच्या फोटोत ती नाही.

त्या गृहस्थांचे आजोबा महायुद्धात इटलीत होते, तिथून त्यांनी कॅमेरा आणला, असंही तुम्ही लिहिलंय. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीत खरोखर लढले. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या तिथल्याच लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांबद्दल शंका घ्यायचं मला काहीच कारण दिसत नाही. पण आजोबा इटलीत होते यावरून हा कॅमेरा लायका ठरत नाही. आणि त्या गृहस्थांना खोटं ठरवू नका. ते स्वतः फसलेले असण्याची शक्यता जास्त.

एक मनापासून सांगतो. झोर्की हा वाईट कॅमेरा नाही. पडदा (शटर) सुरळीत चालत असेल, लेन्सला बुरशी नसेल तर त्यावर सुंदर फोटो निघतात, मी आजही काढतो. सोनेरी रंगाला भाव न देता, चालू झोर्की म्हणून पाच-सहा हजारांत देत असतील तर खुशाल घ्या.

बघायला जाल तेव्हा लेन्स काढून आतल्या दांड्याच्या टोकाचा आणि तळाच्या किल्लीचा जवळून फोटो काढा आणि इथे टाका, मी पाहून सांगतो. तोवर इसार म्हणूनही काही देऊ नका.