मदतपुस्तिकेतील पानांना शीर्षके कशी द्यावीत?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी आमची लहान कंपनी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. त्याची ऑनलाइन मदतपुस्तिका मी लिहिते. ‘पट्टी मॉड्यूल’ (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशेब), ‘सेटिंग्ज’, ‘इतर माहिती’ अशी शीर्षके आहेत. माहिती पूर्ण आहे. तरीही हळदीचे सौदे सुरू झाले की दिवाणजी पुस्तिका न पाहता थेट फोन करतात. काय बदलावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शीर्षके प्रोग्रॅमच्या रचनेवरून ठरली आहेत, दिवाणजी मात्र हातातले काम अडले म्हणून पुस्तिकेकडे वळतात. शेतकरी समोर उभा आहे, पट्टी छापून झाली आहे आणि तोलाई, म्हणजे वजन करण्याची मजुरी, जास्त कापली गेल्याचे आता लक्षात आले आहे, अशा वेळी त्यावरचा उपाय ‘पट्टी मॉड्यूल’मध्ये असेल हे त्यांना कसे कळावे? तेथे ‘छापलेल्या पट्टीतील हमाली-तोलाई दुरुस्त करणे’ असे लिहा. शीर्षक थोडे लांबले तरी चालेल. मात्र महत्त्वाचे शब्द आरंभी घ्यावेत, कारण शोधाच्या यादीत लांब शीर्षकाचा शेवट अनेकदा कापला जातो.

‘इतर माहिती’ या पानाचा दोष शीर्षकापेक्षा खोल आहे. एखाद्या पानाला नेमके नाव सुचत नसेल, तर बहुधा त्यात दोन-तीन वेगवेगळे विषय कोंबलेले असतात. ते आधी सुटे करावेत, म्हणजे नावे आपोआप सुचतात.

शोधातून थेट आलेल्या वाचकाला वरचे प्रकरण दिसत नाही, म्हणून शीर्षक एकटे वाचूनही कळले पाहिजे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या अंध व्यक्तीलाही पान उघडल्यावर सहसा प्रथम शीर्षकच ऐकू येते. वेबपानाच्या शीर्षकातून त्याचा विषय किंवा उद्देश कळावा, ही अट वेबवरील मजकूर अपंग व्यक्तींनाही वापरता यावा यासाठीच्या २००८च्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांत ‘ए’ या मूलभूत पातळीवरच घातलेली आहे, आणि ती योग्यच आहे.

चूक झाल्यावर दिसणाऱ्या संदेशांच्या पानांना पडद्यावरचा संदेश अक्षरशः जसाच्या तसा शीर्षक म्हणून द्यावा. वाचक तोच टाइप करून शोधतो.

नव्या शीर्षकांसाठी तुमच्याकडे आलेल्या फोनची नोंदवही काढून बसा आणि दिवाणजींनी अडचण ज्या शब्दांत सांगितली, तेच शब्द शक्यतो घ्या. शीर्षकाबरोबर पानाचा पत्ता बदलणार असेल, तर जुना पत्ता नव्या पानाकडे वळवून ठेवा, म्हणजे दुकानांत जपून ठेवलेल्या लिंका चालू राहतील.