वाचकांचे प्रश्न : रात्रीचा बॅकअप, पासवर्डविना

(आदेश आणि फायलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत लिहावीत.)

प्रश्न : कार्यालयातल्या उबंटू सर्व्हरवरचं हिशेबाचं फोल्डर रोज रात्री दुसऱ्या लिनक्स मशीनवर उतरवायचं आहे. फायलींच्या नकला करणारं आरसिंक दर वेळी पासवर्ड मागतं. तो स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवला तर चालेल का?

उत्तर : नाही. ती स्क्रिप्ट ज्याला वाचता येते, त्याला पासवर्डही मिळतो. एसएसएच (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारी सोय) वापरते ती किल्लीजोडी, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या दोन जुळ्या फायली, वापरा. मात्र आधी दिशा ठरवा. आमच्या मते बॅकअप मशीनने सर्व्हरवरून डेटा ओढून घ्यावा, सर्व्हरने तो ढकलू नये. ढकलायचा तर किल्ली सर्व्हरवर ठेवावी लागते आणि सर्व्हरमध्ये रॅन्समवेअर शिरलं की त्याच किल्लीने ते बॅकअपपर्यंत पोहोचू शकतं. ओढून घेताना सर्व्हरकडे बॅकअप मशीनची किल्लीच नसते.

सर्व्हरवर एक वेगळं खातं उघडा आणि त्याला हिशेबाचं फोल्डर फक्त वाचण्याची परवानगी द्या. ‘बॅकअप’ नावाचं एक सिस्टिम खातं उबंटूत आधीपासून असतं, म्हणून दुसरं नाव घ्या. इथे ‘नक्कल’ धरू. आता बॅकअप मशीनवर, ज्या खात्यातून रात्रीचं काम चालणार त्याच खात्यात, ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -एफ ~/.एसएसएच/रात्र_की’ चालवा. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) विचारल्यावर दोन्ही वेळा नुसतं एंटर दाबा. तुमची रोजच्या लॉगिनची किल्ली या कामाला लावू नका.

दोन फायली तयार होतात. शेवटी ‘.पब’ असलेली सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते. दुसरी, खासगी किल्ली, मशीनबाहेर कधीच जाऊ देऊ नका. ‘एसएसएच-कॉपी-आयडी -आय ~/.एसएसएच/रात्र_की.पब नक्कल@सर्व्हर’ चालवलं की शेवटचा एकदा पासवर्ड लागेल आणि सर्व्हरवर नक्कलच्या होम फोल्डरात ‘.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये एक ओळ वाढेल.

बरेच जण इथेच थांबतात आणि धोका इथेच राहतो. पासफ्रेज नसलेली किल्ली चोरीला गेली तर चोराला सर्व्हरवर पूर्ण शेल, म्हणजे हवे ते आदेश चालवायची जागा, मिळतो. म्हणून त्या ओळीच्या सुरुवातीला, किल्लीच्या प्रकाराच्या आधी, हे जोडा : ‘रिस्ट्रिक्ट,फ्रॉम="१९२.१६८.१.२०",कमांड="/यूएसआर/बिन/आररसिंक -आरओ /एसआरव्ही/हिशेब"’. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. सगळं संपल्यावर एक जागा, मग किल्ली. ‘फ्रॉम’मध्ये बॅकअप मशीनचा पत्ता येतो, तेव्हा तो राउटरमध्ये कायमचा नेमून घ्या. ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द ओपनएसएसएच ७.२पासून चालतो. आररसिंक ही आरसिंकसोबत येणारी, त्याला एकाच फोल्डरापुरतं बांधून ठेवणारी स्क्रिप्ट आहे. जुन्या उबंटूत ती आरसिंकच्या दस्तऐवजांच्या फोल्डरात असते, तर तिथला मार्ग द्या. आता या किल्लीने हिशेबाचं फोल्डर वाचता येईल, बाकी काही नाही.

यानंतर मार्ग त्या फोल्डरापासूनच मोजला जातो. आरसिंकला ‘नक्कल@सर्व्हर:/’ एवढंच द्या; पूर्ण मार्ग दिलात तर तो दुहेरी होतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून काम थांबतं. सोबत ‘-ई "एसएसएच -आय ~/.एसएसएच/रात्र_की -ओ बॅचमोड=येस"’ लिहा. बॅचमोडमुळे किल्ली चालली नाही, तर पासवर्डची वाट पाहत न बसता आदेश लगेच चूक दाखवून संपतो.

प्रश्न : किल्ली सर्व्हरवर गेली, ओळ दिसते, तरी पासवर्ड मागतोच.

उत्तर : बहुतेक वेळा परवानग्या सैल असतात. होम फोल्डरात गटाला किंवा इतरांना लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर ती किल्ली मुकाट्याने नाकारतो. परवानग्यांचे आकडे होम ७५५ किंवा त्याहून घट्ट, ‘.एसएसएच’ ७०० आणि ‘ऑथराइज्ड_कीज’ ६०० करा. मालकीही पाहा : रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून फाइल बनवली असेल, तर ती रूटच्या नावावर असते. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतं, ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’. फेडोरा किंवा रॉकी लिनक्सवर परवानग्या बरोबर असूनही अडलं, तर ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही ~/.एसएसएच’ चालवून एसईलिनक्स या जादा सुरक्षा यंत्रणेची लेबलं दुरुस्त करा. यात ‘आर’ मोठ्या लिपीतला.

प्रश्न : हाताने चालवलं की बॅकअप होतो, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आदेश चालवणारी सोय) होत नाही.

उत्तर : क्रॉनला तुमचं वातावरण मिळत नाही. तुमच्या लॉगिनमधला एसएसएच एजंट (किल्ल्या हाताशी ठेवणारा प्रोग्राम) तिथे नसतो, पाथ (आदेश शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, म्हणून आदेश आणि किल्ली दोन्हींचे पूर्ण मार्ग लिहा. काम रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) असेल, तर ‘~’ म्हणजे रूटचं होम, आणि ‘नोन_होस्ट्स’ फाइलही रूटची. तिथे सर्व्हरची ओळख नोंदलेली नसली की ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ येतं. यावर तपासणीच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका, कारण मग सर्व्हरच्या नावाने दुसरंच मशीन उत्तर देत असलं तरी कळणार नाही. त्याच खात्यातून एकदा हाताने जोडणी करा आणि दिसणारा सर्व्हरच्या किल्लीचा ठसा सर्व्हरसमोर बसून ‘एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब’च्या उत्तराशी जुळवूनच ‘येस’ म्हणा.

क्रॉनटॅबच्या ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह असेल, तर त्याआधी उलटी तिरपी रेघ लागते, नाहीतर आदेश तिथेच तुटतो. तारीख स्क्रिप्टमध्ये ठेवणं सोपं. आरसिंकचा निर्गम क्रमांक (काम संपताना ते देतं तो आकडा) लॉगमध्ये लिहा : २५५ म्हणजे एसएसएचच जुळलं नाही, २३ म्हणजे काही फायली आल्या नाहीत, बहुधा नक्कलला वाचायची परवानगी नसल्याने. २४ म्हणजे नकलेदरम्यान काही फायली मुळातूनच नाहीशा झाल्या. तात्पुरत्या फायली असतील तर काळजी नको.

प्रश्न : आरसिंकला ‘--डिलीट’ (सर्व्हरवर नसलेल्या फायली बॅकअपमधूनही काढणारा पर्याय) लावावं का?

उत्तर : एकच प्रत ठेवत असाल, तर लावू नका. सर्व्हरवरची डेटाची डिस्क त्या रात्री माउंट झाली नाही, म्हणजे फोल्डराला जोडली गेली नाही, तर आरसिंकला रिकामं फोल्डर दिसतं आणि ते तुमचा बॅकअपही रिकामा करतं. त्याऐवजी रोज तारखेचं नवं फोल्डर करा आणि ‘--लिंक-डेस्ट’ला कालच्या फोल्डराचा पूर्ण मार्ग द्या. न बदललेल्या फायली हार्डलिंकने (नवी प्रत न करता त्याच फाइलला दुसरं नाव) जोडल्या जातात, जागा फक्त बदललेल्या फायलींना लागते. दोन्ही फोल्डरं एकाच फाइलसिस्टिमवर हवीत. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पोर्टेबल डिस्कवर हे जमत नाही, ती ईएक्सटी४ करून घ्या.