मोठी संख्या फोडताना घाई नको

१२३४५६७८९ ची अवयव पाडणी करायला घेतलीत हे उत्तम केलंत. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जाणार हे तुम्ही बरोबर ओळखलंत. उरतात १३७१७४२१. इथे बहुतेक नवशिके ७, ११, १३, १७ असं करत शंभरेक मूळ संख्या तपासतात आणि 'ही मूळच असावी' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. हिचं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे आहे; तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या संपल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. आणि हिचा पहिला अवयव तर अगदी शेवटाजवळ दडलाय.

अशा वेळी सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा. वर्गमूळाच्या लगेच पुढचा पूर्णांक घ्या, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा, बाकी पूर्ण वर्ग येते का पाहा. ३७०४ चा वर्ग १३७१९६१६, बाकी २१९५. हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग १३७२७०२५, बाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग! a² − b² = (a − b)(a + b), म्हणून अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, म्हणजेच ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. मला ही वजाबाकी आजही फार सुंदर वाटते.

मात्र ही युक्ती इतक्या लवकर फळते ती दोन अवयव एकमेकांजवळ असतात तेव्हाच. एक लहान आणि एक प्रचंड असेल, तर साधा भागाकारच आधी उत्तर देतो. म्हणून आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहा, मग हिच्याकडे वळा.

आता ३² × ३६०७ × ३८०३ वरून एकूण विभाजक मोजा: घातांकांत एकेक मिळवून गुणाकार, ३ × २ × २ = १२. ते बाराही एकदा हाताने लिहून काढा.