स्पर्धेच्या सरावासाठी ५० मीटरचाच पोहण्याचा तलाव लागतो का?

तुमची अकरा वर्षांची मुलगी परभणीजवळच्या गावात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, आता तिला शालेय स्पर्धांत उतरायचे आहे आणि त्यासाठी ५० मीटरचा तलाव असलेल्या शहरात बिऱ्हाड हलवावे का, असे तुम्ही विचारले आहे. सध्या तरी हलवू नये, असे माझे मत आहे. विद्यापीठाच्या संघातून पोहून झाल्यावर मी गेली काही वर्षे छत्रपती संभाजीनगरात सकाळच्या बॅचला मुलांचा सराव घेतो. आपल्या भागात तलावाची लांबी पाहण्याआधी तो वर्षातून किती महिने भरलेला असतो, याची चौकशी करावी.

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी अशा तलावाला केवळ बाष्पीभवनापोटी रोज एक टँकर लागतो. फिल्टर धुण्यात जाणारे पाणी वेगळेच. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे टंचाईच्या वर्षी सर्वांत आधी तलावाचे पाणी तोडले जाते आणि त्याबद्दल तक्रार करण्यास तोंडही नसते. त्यामुळे चकचकीत फरशीचा पण मार्चमध्ये कोरडा पडणारा तलाव सरावाच्या कामाचा नाही. त्यापेक्षा स्वतःची विहीर आणि चालू फिल्टर असलेला साधा २५ मीटरचा तलाव केव्हाही बरा. साडेबारा मीटर रुंदी आणि दीड मीटर सरासरी खोली धरली, तर तो पावणेपाच लाख लिटरच्या आत भरतो.

२५ मीटरच्या तलावाला कमी लेखण्याचे कारण नाही. या लांबीच्या स्पर्धा आणि विक्रम जागतिक पातळीवरही स्वतंत्रपणे गणले जातात. येथे १०० मीटरला तीन टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणे, येतात, मोठ्या तलावात एकच येतो. म्हणून लहान वयात टर्न पक्का होण्यासाठी लहान तलाव उलट चांगला. भिंतीला पाय देऊन मिळणारा धक्का ५० मीटरमध्ये क्वचित मिळतो आणि शेवटचे वीस मीटर हात जड होतात, त्यामुळे राज्य पातळीची वेळ आली की स्पर्धेपूर्वी थोडे दिवस मोठ्या तलावावर काढावेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या पुण्याच्या बालेवाडी संकुलात तशी सोय आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले, तेही बंगळुरूला जाऊन सराव केल्यावर. पण तो निर्णय त्या पातळीच्या जलतरणपटूसाठी असतो, अकरा वर्षांच्या मुलीसाठी नव्हे.

तलाव पाहायला जाल तेव्हा काठावर उभे राहून खोल बाजूच्या तळावरची काळी रेघ स्पष्ट दिसते का, ते आधी पाहा. लेनच्या दोऱ्या ताणलेल्या असाव्यात, कारण त्या शेजारच्या लाटा मोडतात. भिंतीपासून ५ मीटरवर आडवी पताकांची दोरी हवी. बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणारे मूल तिच्याखालून गेले की हात मोजत भिंत गाठते, आणि ती नसेल तर डोके आपटते. क्लोरीनचा डोळे चुरचुरवणारा वास आला तर पाणी स्वच्छ आहे असा आपल्याकडे समज आहे, परंतु तो उग्र दर्प बहुधा क्लोरीन घामाशी आणि लघवीशी संयोग पावल्यामुळे येतो.

विहिरीत शिकलेल्या मुलांना खोल पाण्याचे भय नसते, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र त्यांना उंचावरून मुटका मारण्याची किंवा थेट खाली सूर घेण्याची सवय असते, आणि कमी खोलीच्या तलावात ती जिवावर बेतू शकते. उडी मारण्याच्या ठोकळ्यांसमोर किमान १.३५ मीटर खोली असावी असा स्पर्धांचा नियम आहे. तेवढी नसेल तर मुलीला भिंतीला धरूनच सुरुवात करू द्या. मान वर ठेवून पोहण्याची सवय मोडायलाही काही महिने जातील.

संभाजीनगरात महापालिकेचा सिद्धार्थ तलाव आणि एमजीएम या शिक्षणसंस्थेचा तलाव आहे, परंतु रोजच्या सरावासाठी परभणीहून येणे शक्य नाही. तुमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जवळच्या चालू तलावाची आणि तेथील प्रशिक्षकाची चौकशी करा. पैसे भरण्यापूर्वी मे महिन्यातील एखाद्या सकाळी तेथे जाऊन उन्हाळी शिबिराच्या गर्दीतही सरावाच्या मुलांसाठी एक लेन मोकळी ठेवली जाते का, हे स्वतः पाहा; ठेवली जात नसेल तर वार्षिक शुल्क भरू नका.