‘मास्टर अँड कमांडर’ जहाजी शब्दांमुळे अडखळते आहे, पुढे वाचू का?

वाचा, नक्की वाचा. पॅट्रिक ओब्रायनच्या 1969 च्या या कादंबरीबद्दल वाचकांत सरळ दोन तट पडतात: शिडं, दोर, डोलकाठ्यांच्या नावांनी सुरुवातीलाच दमणारे, आणि तेवढं पार केल्यावर पुढचं एकेक पुस्तक झपाटल्यासारखं वाचणारे. कादंबरीतला जहाजावरचा डॉक्टर मॅट्युरिन स्वतः जहाजाबाबत अगदी अडाणी आहे. त्याला जेवढं कळतं, तेवढं तुम्हाला पुरे! प्रत्येक दोराचं नाव शोधत बसू नका.

‘चिमुकलं जहाज एवढ्या मोठ्या जहाजाला कसं जिंकेल?’ हा कादंबरीतल्या लढाईवरचा काहींचा आक्षेप मला अजिबात पटत नाही. 6 मे 1801 रोजी ब्रिटिश नौदलाच्या लॉर्ड कॉक्रेनने 14 तोफांच्या ‘स्पीडी’वरून 32 तोफांचं स्पॅनिश ‘एल गामो’ खरोखर पकडलं होतं. ‘एल गामो’वरची माणसं कॉक्रेनच्या माणसांच्या जवळजवळ सहापट होती. कादंबरीतली ती लढाई यावरच बेतली आहे.

आणि आपण मुंबईकरांनी तर या मालिकेतल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत, ‘एचएमएस सरप्राइज’पर्यंत, पोहोचायलाच हवं. त्यात जहाज मुंबईला लागतं, मॅट्युरिन इथल्या रस्त्यांवरून हिंडतो. मला सगळ्या मालिकेत ती पानं सर्वांत जवळची वाटतात.