रतीब आणि खाडा

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहते. पहाटे पाचला उठणे, पाऊण तास चालणे, रात्री अर्धा तास वाचन आणि गोड बंद, असे चार संकल्प मी दर गुढीपाडव्याला सोडते. पहिला आठवडा बरा जातो. मग पाहुणे येतात किंवा मुलाला ताप भरतो, एक दिवस चुकतो आणि पाठोपाठ सगळेच सुटते. रात्रीच्या वाचनाची वेळ तर मोबाइलच खातो. ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून घरात थट्टा होते. २१ दिवस नेटाने केले की सवय लागते असे ऐकले होते. माझे तेवढेही भरत नाहीत. माझ्यात मनोनिग्रहच कमी आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘संकल्प सोडणे’ या शब्दप्रयोगाचे दोन्ही अर्थ तुमच्या पत्रात आठवड्याभरातच एकमेकांना भेटतात, हे वाचून थोडे हसू आले. रागावू नका, माझ्या कपाटात जानेवारीची पंधरा पाने भरलेल्या आणि पुढे कोऱ्या राहिलेल्या डायऱ्यांची चळत आहे.

आधी त्या २१ दिवसांचा हिशेब मिटवू. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सगळ्याच सवयी आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला, तेव्हा एखादी गोष्ट आपसूक होऊ लागण्यासाठी लागणारा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. व्यायामाची सवय मुरायला खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. तेव्हा नवव्या दिवशी चालायला जाणे जड वाटले, तर त्यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही.

त्या अभ्यासातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट निवडली होती आणि ती न्याहारीनंतर किंवा अशाच एखाद्या रोजच्या प्रसंगाला बांधली होती. तुम्ही मात्र चार गोष्टी एकाच दिवशी अंगावर घेता. आपल्याकडे दुधाचा रतीब लावतात तो आठवा. रतीब एकदा ठरला की ‘आज दूध घ्यावे का?’ असा प्रश्न रोज सकाळी कुणाला पडत नाही. पिशवी दाराला लागते आणि आपण ती आत घेतो. शिस्त म्हटले की मला छडी आणि पिटीचे मास्तर आठवतात, म्हणून मी तुम्हाला शिस्तीऐवजी रतीबच सुचवेन. पहाटे पाचचा हट्ट तूर्त सोडा. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली की लगेच पायात बूट चढवायचे आणि कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचे, एवढेच ठरवा. दहा मिनिटे पुरेत. बूट मात्र खोक्यात किंवा माळ्यावर नकोत, दाराशीच हवेत, कारण अर्धवट झोपेत शोधाशोध करावी लागली की माणूस परत पांघरुणात शिरतो.

आता चुकलेल्या दिवसाबद्दल, कारण तुमची गाडी खरी तिथेच अडते. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात लक्षणीय फरक पडला नाही. हे आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला केव्हापासून ठाऊक आहे! दूध आले नाही त्या तारखेवर आपण ‘खाडा’ लिहितो, महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा करतो आणि दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा येते. एका खाड्यासाठी कुणी रतीब बंद करत नाही. चालण्याचा हिशेबही तसाच ठेवा. झालेल्या दिवसांवर बरोबरच्या खुणा करत बसू नका, फक्त खाडे लिहा. महिन्यात चार-पाच पडले तर पडू द्या, लागोपाठ दोन मात्र पडू देऊ नका. पाहुणे आले, ताप आला, तर अंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी तो खाडा धरू नका.

राहिले वाचन आणि मोबाइल. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी-थालीपिठे करून घरातला कांदा संपवतात. दोन दिवसांनी नेम सुरू होतो तेव्हा टोपलीत कांदाच नसतो, त्यामुळे कार्तिकीपर्यंत रोज मनाशी झगडावे लागत नाही. उशाशी फोन ठेवून अर्धा तास वाचायचे ठरवणे म्हणजे भरल्या टोपलीशेजारी बसून कांदा वर्ज्य करणे होय. चार्जर स्वयंपाकघरात लावा, फोन साडेदहाला तिथे ठेवा आणि पहाटेच्या गजरासाठी एक साधे घड्याळ विकत घ्या. हे सगळे चालण्याचा रतीब बसल्यानंतर करा, आत्ताच नको. गोडाचे तर दिवाळीनंतर पाहू.

प्रश्न : सातवीतल्या मुलासाठी मी तासातासाचे वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवले आहे. तो ते पाळत नाही. काय करावे?
— एक पालक, ठाणे

उत्तर : ते वेळापत्रक तुमचे आहे. भिंतीवरून काढा आणि अभ्यासाची एकच वेळ त्याला निवडू द्या. तुमच्या मनातल्या सातऐवजी तो साडेआठ म्हणाला, तरी महिनाभर मान्य करा. त्याच्या खाड्यांची नोंदही त्यानेच त्याच्या वहीत ठेवावी, आणि ती वही तुम्ही त्याच्या परवानगीशिवाय उघडू नये.