साखर पूर्ण बंद केली, तरी शुगर कमी का होत नाही?

तुम्ही विचारलंय की टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन तीन महिने झाले, गोड पूर्ण सोडलं, चहासुद्धा बिनसाखरेचा, तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.८ वरच आहे. मग आहाराने हे आटोक्यात येतं का, की गोळ्या वाढवाव्याच लागतील?

आहाराने पुष्कळ जणांचं आटोक्यात येतं. पण "गोड बंद करा" एवढं सांगून ज्यांनी तुमची बोळवण केली, त्यांनी तुमचे तीन महिने वाया घालवले. हा सल्ला ऐकला की दर वेळी तितकाच राग येतो.

चमचाभर साखर म्हणजे ४-५ ग्रॅम. दीडशे ग्रॅम शिजलेला भात म्हणजे ४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं, आणि पचल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं. चहातले दोन चमचे वाचवले आणि भात दोनदा वाढून घेतला, तर हिशेब कुठून जुळणार?

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. रिकामं ताट ठेवून काटा शून्यावर आणा, भात वाढा, आकडा लिहून ठेवा. इथे हमखास एक गल्लत होते: १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ८० ग्रॅम कर्बोदकं असतात, शिजून पाणी शोषलं की १०० ग्रॅम भातात २८. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावू नका. सुरुवातीला एका जेवणात भात, ब्रेड, बटाटा, डाळ, फळ सगळं धरून ३० ते ४५ ग्रॅम कर्बोदकं ठेवा.

मग ग्लुकोमीटर. नुसती उपाशीपोटीची शुगर बघून जेवणाबद्दल फारसं काही कळत नाही. ती पहाटे यकृत जे ग्लुकोज सोडतं त्यानेही चढते, म्हणून रात्री न जेवताही सकाळी १५० दिसू शकते. मोजायचं ते जोडीने: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुकतंच फळ कापलेलं असेल तर बोटाला लागलेल्या रसाने आकडा भलताच वर जातो. बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन तो खाली येतो. बोटाच्या टोकाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. थेंबासाठी बोट पिळत बसू नका. चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, तेव्हा १६० की १७० यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. तेच जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. दर वेळी ५० च्या वर उडी दिसली तर भात एक तृतीयांश कमी करा, त्या जागी भाजी आणि अंडं, मासे किंवा टोफू घ्या, आणि पुन्हा मोजा. आधी भाजी आणि प्रथिनं, शेवटी भात, या क्रमाने खाल्लं तरी उडी कमी होते. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली, हे लक्ष्य.

आता "मध चालतो, तो नैसर्गिक आहे" म्हणणाऱ्यांसाठी. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या वर साखर असते. ब्राऊन शुगर ही साखरच. ब्राऊन राइसमध्ये तंतू थोडे जास्त, पण कर्बोदकं जवळपास तेवढीच, त्यामुळे दुप्पट खायची मुभा मिळत नाही. शुगर-फ्री बिस्किटातही मैदा किंवा दुसरं पीठ असतंच. पाकिटामागचा "एकूण कर्बोदकं" हा आकडा वाचा, पुढचं मोठं अक्षर सोडून द्या. फळ अख्खं खा, रस काढू नका.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच नाही. ब्रिटनमधल्या "डायरेक्ट" चाचणीत (२०१७) रोज साधारण ८५० कॅलरींचा आहार ३ ते ५ महिने दिला. वर्षाअखेरीला ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत ८६ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले, हेही सांगायला हवं. त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कुणी इन्सुलिनवर नव्हतं. एवढा कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका.

गोळ्या वाढवाव्या की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. वर सांगितलेल्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवा. मात्र आधी विचारल्याशिवाय कर्बोदकं एकदम कापू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि डोस तोच राहिला, तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर फार कमी कर्बोदकांवर कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साठणं) होऊ शकतो, तोही मीटरवर शुगर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झालं तर तडक दवाखाना गाठा. आणि शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. त्या वेळी चॉकलेट खाऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो.